छापील अक्षराकडे पाहण्याची दृष्टि

घरांत छापील कागद रोज किती येतो, याचा हिशेब कोणी ठेवीत नाहीं. पंचांग, लग्नपत्रिका, वाण्याची पावती, देवळाच्या उत्सवाचें पत्रक, औषधाच्या वेष्टनावरील बारीक मजकूर. हें सर्व आपण वाचतों. पाहत मात्र नाहीं. लग्नाच्या शालूचा कांठ निवडण्यांत दोन दुपारी घालविणारें कुटुंब पांचशें घरीं जावयाच्या पत्रिकेचें अक्षर पांच मिनिटांत पसंत करून मोकळें होतें! या उपेक्षेची किंमत घरांतील वडील माणसें देतात; कारण वाईट अक्षर प्रथम त्यांच्याच डोळ्यांस नडतें.

चांगलें अक्षर कोणतें हें शिकावयाचें तर जुन्या पंचांगासारखा गुरु नाहीं. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ मध्यें मुंबईस शिळाछापावर मराठी पंचांग छापलें. त्यापूर्वीं जोशीबोवा हातानें लिहिलेलें पंचांग घेऊन बसत व यजमानांस वर्षफल वाचून दाखवीत. शिळाछापांत लेखकाचें हस्ताक्षरच दगडावर उतरतें, म्हणून बोरूचें वळण त्यांत जसेंच्या तसें राही. तेंच वळण शिशाच्या खिळ्यांत आणणें हें खरें कठीण. बोरूची जीभ तिरपी कापलेली असते. त्यामुळें तिची रेघ एका दिशेस जाड आणि दुसरीस बारीक उमटते. हा जाडबारीकपणा पोलादी ठशावर उलटा कोरावयाचा, आणि तोहि एवढ्याशा जागेंत! जावजी दादाजी यांनीं लहानपणीं अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत खिळे घासण्याचें काम केलें आणि पुढें १८६९ मध्यें मुंबईंत निर्णयसागर छापखाना काढला. तेथील सुंदर खिळ्यांचे ठसे राणोजी रावजी आरू यांच्या हातचे. निर्णयसागरचें एखादें सटीक संस्कृत काव्य उघडून पाहावें. मूळ श्लोक मोठ्या अक्षरांत, त्याखालीं टीका बारीक अक्षरांत, आणि पाठभेद अगदीं तळाशीं. गुरुजींनीं तोंड उघडण्यापूर्वीं पानच सांगून टाकतें, कीं हें कवीचें आणि हें टीकाकाराचें. आमचें संस्कृत अशाच पानांवर झालें.

आतां अक्षरांत पाहावयाचें काय? ह्रस्व वेलांटीचें टोंक आपल्याच अक्षरावर येऊन टेकलें पाहिजे. ‘रि’ अरुंद, ‘क्षि’ रुंद. तेव्हां वेलांटीहि निरनिराळ्या रुंदीची हवी, नाहीं तर ती मधेंच लोंबकळते. रफार आणि अनुस्वार शेजारीं आले, तर एकमेकांस धक्का न देतां बसले पाहिजेत. (१९६२ च्या लेखननियमांनीं अनुच्चारित अनुस्वार गेले व जुळाऱ्यांचे श्रम हलके झाले, आमच्या लेखणीची संवय मात्र सुटत नाहीं.) जोडाक्षराची परीक्षा ‘विठ्ठल’ या शब्दावर करावी. त्यांतला ठ दुसऱ्या ठच्या डोक्यावर उभा असावा, विटेवर उभ्या असलेल्या देवासारखा. आषाढीच्या कित्येक फलकांवर पहिल्या ठचा पाय मोडून दोन्ही ठ शेजारीं शेजारीं बसविलेले दिसतात. त्यांत अर्थहानि कांहीं नाहीं, पण डोळ्यांस तें खुपतें.

अर्थहानि कोठें होते तेंहि पाहा. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या घळी. ‘आचार्यांना’ दक्षिणा द्यावयाची, ‘आचाऱ्यांना’ स्वयंपाकाचा मोबदला. हा आडवा अर्धा र मराठीला अत्यावश्यक. परंतु सर्वच वळणांत तो नीट उमटत नाहीं, आणि घाईंतला छपाईवाला त्याच्या जागीं रफार ठोकून देतो. मग कार्याच्या पत्रकांत सत्कार कोणाचा आणि पंगत कोणाची, हें वाचणारानेंच तारतम्यानें ठरवावें! पाकळीचा ल आणि देठाचा श हींहि मराठीचीं स्वतःचीं वळणें. महाराष्ट्र शासनानें २००९ मध्यें तीं प्रमाण ठरविलीं, तरी बाजारांत उत्तरेकडील वळणच फार.

संगणकावर सगळा दोष ढकलणें मात्र न्यायाचें होणार नाहीं. रघुनाथ कृष्ण जोशी यांनीं बोरूच्या वळणाचा आयुष्यभर अभ्यास केला आणि संगणकासाठीं ‘मंगल’ हें देवनागरी अक्षर रेखिलें. भिंतीवरचें ‘कालनिर्णय’ पाहा. १९७३ मध्यें जयंत साळगांवकर यांनीं तें सुरू केलें. त्यांतील तारखेचा ठळक आंकडा दारांतून दिसतो. तिथि, नक्षत्र पाहावयाचें तर जवळ जावें लागतें. एकाच चौकोनांत दुरून पाहणारा आणि जवळून पाहणारा अशा दोघांचीहि सोय केलेली आहे. ज्यानें हें पान मांडलें त्याला घर म्हणजे काय तें कळलें होतें. फक्त तो बारीक मजकूर आणखी थोडा मोठा असता, तर म्हाताऱ्यांचे आशीर्वाद मिळाले असते.

लग्नपत्रिकेची गोष्ट याच्या उलट. खिळ्यांच्या काळीं गांवच्या छापखान्यांत दोन-तीन जातींचेंच अक्षर असे, आणि त्या दारिद्र्यामुळेंच पत्रिकेस शिस्त येई. वर श्रीगजाननाचें नांव, मध्यें वधूवरांचीं नांवें ठळक, खालीं तिथि, वार, मुहूर्त, स्थळ; चहूंकडे मोकळा समास. आतां शेंकडों वळणें हाताशीं आहेत, तेव्हां तीं सगळीं एकाच पत्रिकेंत घातल्यावांचून चैन पडत नाहीं. त्यांत तांबड्या कागदावर सोनेरी अक्षर! दिव्याखालीं धरावें तों तें चकाकतें, आणि आजोबांना मुहूर्त नातवाकडून वाचून घ्यावा लागतो. गेल्या वैशाखांत एका आप्ताकडील पत्रिकेंतला वेलबुट्टीदार १ आमच्या ज्येष्ठ बंधूंनीं ९ असा वाचला. ११ तारखेचें लग्न १९ तारखेचें समजून ते अहेर बांधून घरींच राहिले. तिथि छापलेली होती, पण केसाएवढ्या बारीक अक्षरांत. भाचीचें लग्न पुन्हां थोडेंच लागणार होतें? पत्रिका करणारा मोठा कलावंत आहे, असें तिकडची मंडळी अजून सांगतात.

यंदा ज्यांच्या घरीं कार्य असेल त्यांनीं एवढें करावें. विसार देण्यापूर्वीं पसंत केलेल्या वळणांत ‘विठ्ठल’, ‘आचाऱ्यांना’ आणि ‘११, १९’ इतकेंच एका चिठ्ठीवर छापून घ्यावें, आणि ती चिठ्ठी घरांतील सर्वांत वडील माणसाच्या हातीं संध्याकाळच्या दिव्याखालीं द्यावी. अडखळल्याशिवाय वाचली गेली तर पत्रिका छापावयास टाकावी. नाहीं तर दुसरें वळण मागावें.