नाच नंतर बघा, आधी तोंड बघा!

सारंगखेड्याची यात्रा म्हणजे आपल्या खान्देशातला सगळ्यात मोठा ‘हॉर्स शो’. हॅट नको, सूट नको, इंग्लिश कॉमेण्ट्री तर नकोच नको. फक्त घोडा बघता यायला हवा. आणि तो शिकता येतो!

‘‘सारंगखेड्याला चाललीच आहेस, तर दादाच्या लग्नाचा घोडाही बघून ये. नाचणारा हवा हं!’’

डिसेंबर २०२४. मी बॅग भरत होते आणि आईचं हे फर्मान आलं. दादाचं लग्न फेब्रुवारीत, धुळ्याला. हॉल बुक, केटरर बुक, मेंदीवाली बुक. राहिला होता तो घोडा! मला काय, एका दगडात दोन पक्षी. स्टोरीही मिळणार आणि घोडाही.

आमची गँग तिघांची. मी जळगावची. माझी पुण्याची रूममेट आयटीतली, तिने आयुष्यात घोडा पाहिला तो माथेरानला, तोही लीद चुकवत! आणि धुळ्याचा मामेभाऊ, ज्याची एकमेव क्वालिफिकेशन म्हणजे त्याच्याकडे कार होती.

खरं सांगायचं तर घोड्यांचं हे वेड डोक्यात शिरलं ते टीव्हीमुळे. २६ सप्टेंबर २०२३ ला हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये भारतानं ड्रेसाजमध्ये टीम गोल्ड मारलं, आठवतंय? अनुष अगरवाला, मुंबईचा हृदय छेडा, दिव्यकृती सिंह आणि इंदूरची सुदीप्ती हजेला. घोडेस्वारीत तब्बल ४१ वर्षांनी, म्हणजे १९८२ च्या दिल्ली एशियाडनंतर थेट! त्या दिवशी माझ्यासारख्या लाखोंनी ‘ड्रेसाज म्हणजे काय?’ हे पहिल्यांदा गुगल केलं असणार. मग जुलै २०२४ मध्ये पॅरिस ऑलिम्पिक आलं. व्हर्सायच्या राजवाड्याच्या बागेत मैदान, आणि त्यात आपला अनुष. ऑलिम्पिकच्या ड्रेसाजमध्ये उतरलेला पहिला भारतीय. ६६.४४४ टक्के मिळाले, पुढची फेरी हुकली, पण मी लॅपटॉपसमोरून हलले नाही.

तेव्हाच ठरवलं, हे एकदा समोर बसून बघायचं. फ्रान्सचं तिकीट काही परवडणार नव्हतं. दोंडाईचाचं परवडत होतं!

चलो तापीकाठ

सारंगखेडा नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यात. १९९८ पर्यंत हा सगळा भाग धुळे जिल्ह्यातच होता, त्यामुळे आमच्या मामाच्या तोंडी अजून ‘आपलंच सारंगखेडं’. दोंडाईचाकडून गेलात की तापीवरचा पूल लागतो, आणि पलीकडे एकमुखी दत्ताचं देऊळ. दत्ताच्या मूर्ती आपण तीन तोंडांच्या बघतो, इथला दत्त एका मुखाचा. मार्गशीर्ष पौर्णिमेला, दत्तजयंतीला इथे यात्रा भरते आणि पुढे बरेच दिवस चालते. या यात्रेला तीनशेहून अधिक वर्षांची परंपरा आहे असं सांगतात. शिवरायांच्या फौजेसाठी इथून घोडे जायचे, हेही गावात प्रत्येक जण सांगतो. गेली काही वर्षं ‘चेतक फेस्टिवल’ या नावानं इथे घोड्यांच्या शर्यती, नाचाच्या स्पर्धा आणि चक्क ब्यूटी कॉण्टेस्टही रंगतात.

आम्ही गाडी लावली आणि पायी निघालो. आकाशपाळणे, शेतीची अवजारं, घोंगड्या, गरमागरम जिलबी, भोंग्यावरून हरवलेल्या मुलांची नावं... नेहमीची यात्रा. आणि मग एकदम घोडे. इकडे घोडे, तिकडे घोडे, दावणीला बांधलेल्या रांगाच रांगा! राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, पंजाब, यूपी, कुठून कुठून ट्रकनं आलेले. काळेभोर मुश्की, लालसर कुमैत, पांढरे-काळे अबलख, आणि गुलाबी कातडीचे पांढरेशुभ्र नुकरा. रूममेटनं पहिल्या पाच मिनिटांत चाळीस फोटो काढले आणि विचारलं, ‘‘यात भारी कुठला?’’

तिथेच आमची बोलती बंद!

क्लास सुरू

आमचा गुरू भेटला तो चहाच्या टपरीवर. दोंडाईचाकडचे सत्तरी पार केलेले एक बाबा. धोतर, पांढरी टोपी, हातात वेताची काठी. लहानपणापासून या बाजाराला येतात. विकायला काही नाही, घ्यायचं काही नाही. ‘‘देखाले येस,’’ म्हणाले. फक्त बघायला! म्हणजे आमच्यासारखेच प्रेक्षक, फरक फक्त साठ वर्षांच्या प्रॅक्टिसचा.

पुढचे दोन तास बाबांनी आम्हाला जे फिरवलं, ते कुठल्या गाइडनं फिरवलं नसतं. पहिला धडा कानांचा. मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांचे कान आत वळलेले असतात, टोकं जवळजवळ एकमेकांना टेकतात. या घोड्यांची ओळखच असे कान. हे कान अ‍ॅण्टेनासारखे फिरत असले की समजायचं, घोडा निवांत आहे आणि आजूबाजूचं ऐकतोय.

दुसरा धडा दातांचा. घोड्याचं वय विचारायचं नसतं, बघायचं असतं! अडीच वर्षांच्या आसपास पुढचे दुधाचे दात पडायला लागतात आणि पाचव्या वर्षापर्यंत सगळे पक्के दात येतात. जाणता गिऱ्हाईक आधी ओठ वर करतो, भाव नंतर विचारतो.

तिसरा धडा खुणांचा. चारही पाय पांढरे आणि कपाळावर पांढरा पट्टा, तो पंचकल्याणी. अंगावरचे केसांचे भोवरे कुठे आहेत, यावरून शुभ-अशुभ ठरतं आणि लाखाचा भाव हजारांवर येऊ शकतो. ‘‘हा म्हणजे घोड्यांचा पत्रिका मॅच!’’ मामेभाऊ म्हणाला. बाबा पहिल्यांदा हसले.

आणि चौथा धडा चालीचा. हा बघायला आम्ही बाजाराच्या कडेला गेलो. तिथे गिऱ्हाइकांना चाल दाखवण्यासाठी घोडे पळवले जातात. रेवाल चाल म्हणजे आपल्या देशी घोड्यांची खासियत. घोडा सपासप पाय टाकत जातो, पण वरचा स्वार हलत नाही. स्वाराच्या हातात पाण्याचा भरलेला पेला दिला तरी सांडायला नको, ही याची जुनी परीक्षा. एक कुमैत घोडी आमच्यासमोरून गेली. मान उंच, शेपूट मोकळी, लगाम सैल, आणि वरचा पोरगा जसा काही सोफ्यावर बसलाय! अंगावर काटा आला. व्हर्साय लॅपटॉपवर पाहिलं होतं, हे दहा फुटांवर होतं. टापांनी उडवलेली धूळ नाकात गेली होती आणि मला शिंकायचंही भान नव्हतं.

तो व्हिडिओ

आता मला आईचं काम आठवलं. बाबांना विचारलं, ‘‘बाबा, नाचणारा घोडा कितीला मिळतो हो लग्नासाठी? असा?’’ आणि मोबाइलवरचा व्हिडिओ लावला. आदल्या वर्षीची एका नातेवाइकांच्या लग्नाची वरात. डीजे, लेझर, आणि मध्ये पांढरा घोडा मागच्या पायांवर उभा राहतोय, जागच्या जागी थिरकतोय. शिट्ट्या वाजताहेत. त्यातली सगळ्यात मोठी शिट्टी माझी.

बाबांनी मोबाइल हातात घेतला. आवाज बंद करायला लावला. एकदा पाहिला. पुन्हा पाहिला. मग म्हणाले,

‘‘नाच मंग देख बेटा, आधी तोंड देख. तो नाची नही राह्यना. तो घाबरी राह्यना.’’

आवाजाशिवाय तो व्हिडिओ खरंच वेगळा होता. कान मागे, डोक्याला चिकटलेले. शेपटीचे सारखे फटकारे. तोंड उघडं, जीभ बाजूला आणि डोळ्यांचं पांढरं दिसतंय. लगामाचा प्रत्येक झटका आणि त्यावर प्रत्येक ‘स्टेप’. ओठांच्या कोपऱ्यात फेस होता. फेस कामातल्या घोड्याला येतोच, बाबा म्हणाले, पण हा गुलाबी होता. म्हणजे आत जखम. तोंडात काटेरी लगाम असणार. आपल्याकडे मालवाहू जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनुसार असा लगाम वापरायला बंदी आहे. बंदी साठ वर्षांची आणि काटे मात्र ताजे!

मी हा व्हिडिओ किमान वीस जणांना फॉरवर्ड केला होता.

बाबांचं म्हणणं असं नव्हतं की घोड्यानं नाचूच नये. त्यांनी आम्हाला लगेच एक काळी घोडी दाखवली. तिचा मालक पुढे उभा राहून ढोलकीच्या ठेक्यावर नुसता हात हलवत होता, लगाम खांद्यावर टाकलेला. घोडी पाय उचलत होती, कान मालकाकडे, तोंड बंद. मध्येच थांबली, मालकाच्या खिशात तोंड घातलं आणि गूळ काढून घेतला. आजूबाजूला जेमतेम पंधरा माणसं होती. टाळ्या कमी, शिट्टी एकही नाही.

तेच व्हर्सायला!

घरी येऊन मी पुन्हा ड्रेसाजचे नियम वाचले, आणि काय सांगू? बाबांचाच सिलॅबस! ऑलिम्पिकमध्ये साठ बाय वीस मीटरच्या मैदानात घोडा ‘पियाफ’ करतो, म्हणजे जवळजवळ जागच्या जागी दुडकी चाल. आपल्या नाचाचा तो चुलतभाऊच म्हणा. प्रत्येक हालचालीला शून्य ते दहा गुण. पण घोड्यानं जीभ बाहेर काढली, दात खाल्ले, शेपटी फटकारली तर तो ताणाखाली आहे असं समजून परीक्षकांनी ते गुण देताना धरायचं असतं. पाय कितीही उंच उचलू देत.

आणि परीक्षकांच्या वर आणखी एक परीक्षक असतो. तुम्ही-आम्ही! टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ च्या ऑगस्टमध्ये, मॉडर्न पेण्टाथ्लॉनमध्ये सेंट बॉय नावाचा घोडा उडी मारायला तयारच होईना. रडणारी जर्मन खेळाडू, चाबूक, घोड्याला ठोसा मारणारी कोच... जगभरच्या प्रेक्षकांनी हे पाहिलं आणि आरडाओरडा केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये संघटनेनं त्या खेळातून घोडेस्वारीच काढून टाकायचं ठरवलं. १९१२ पासूनचा प्रकार, पॅरिस २०२४ हे शेवटचं. पॅरिसच्या आधी ब्रिटनची चॅम्पियन शार्लट दुजार्दिन हिचा घोड्याला चाबकानं मारतानाचा व्हिडिओ समोर आला आणि तिला माघार घ्यावी लागली. तीन ऑलिम्पिक गोल्ड असलेली रायडर!

म्हणजे प्रेक्षक नुसता बघत नसतो. तो ज्याला टाळ्या देतो, तेच उद्या शिकवलं जातं. घोडेवाल्याचं पोट आपल्या शिट्टीवर चालतं. आपण काट्यावर नाचणाऱ्याला नोटा ओवाळल्या, तर तो पुढच्या वर्षी काटेच आणणार. गूळ खाणाऱ्या घोडीभोवती पन्नास माणसं जमली, तर तो गूळ आणेल. सिंपल!

मग दादाच्या घोड्याचं काय?

आईशी तीन दिवस अबोला. ‘‘लोक काय म्हणतील? वरातीत घोडा नुसता चालणार?’’ मी तिला तो व्हिडिओ दाखवला. आवाज बंद करून. ती काही बोलली नाही, स्वयंपाकघरात निघून गेली. रात्री जेवताना म्हणाली, ‘‘साधा लगाम आहे का, ते तूच बघून घे. मला त्यातलं कळत नाही.’’

फेब्रुवारीत दादा एका शांत कुमैत घोडीवर बसून आला. लगाम मी स्वतः पाहिला, तोंडात बोट घालून! डीजे वरातीच्या पार पुढे, घोडी मागे, तिच्याजवळ फक्त सनई-चौघडा. एक काका वैतागले, ‘‘नाचत का नाही ही?’’ तर दादा वरून म्हणाला, ‘‘काका, नाचायचं तुम्ही!’’ काका नाचले. आणि तेही शिट्ट्या घेऊन गेले.

जाताय? मग हे वाचा!

कधी : दत्तजयंतीपासून पुढचे दिवस. तिथीवर असल्यामुळे तारीख दर वर्षी बदलते. २०२४ मध्ये १४ डिसेंबरला होती, २०२५ मध्ये ४ डिसेंबरला. कॅलेण्डर बघून सुट्टी टाका.

कसं : जळगावहून सुरत लाइनच्या गाडीनं दोंडाईचा, पुढे एसटी किंवा जीप. धुळ्याहून स्वतःची गाडी बेस्ट.

केव्हा बघाल : सकाळी लवकर. ऊन कोवळं असतं, गर्दी कमी असते आणि घोडे ताजेतवाने. चाल दाखवणं बघायचं तर तेव्हाच.

हे नको : घोड्याच्या मागून जाऊ नका, फ्लॅश मारू नका, मालकाला न विचारता हात लावू नका. विचारलंत तर बहुतेक जण हसून ‘या’ म्हणतात.

पोटोबा : थंडी आहे, खान्देश आहे... वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकरी न खाता परत आलात तर तुमची ट्रिप कॅन्सल समजा!

आणि हो, व्हिडिओ जरूर काढा. फक्त फॉरवर्ड करण्याआधी एकदा आवाज बंद करून बघा.