पाठदुखी अंगावर काढत ड्यूटी
सपाट भागात साधारण ५,००० लोकसंख्येमागे एक आरोग्य उपकेंद्र, असा निकष आहे. धाराशिवच्या आठही तालुक्यांत गावोगावच्या लसीकरणाचा भार एएनएम सिस्टर आणि आशाताईंवर असतो. चार आइसपॅक भरलेला लसींचा डबा खांद्याला, हातात रजिस्टरं. कंबर धरली तरी सत्र टळत नाही. मग पर्समधली डायक्लोफेनॅक, तीही अनेकदा उपाशीपोटी.

ही गोळी महिनोन्‌महिने घेतली तर जठरात व्रण होऊ शकतो, रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडाला इजा होते. पॅरासिटामॉल दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नको. सर्दीच्या गोळीतलंही त्यातच धरावं. प्रीगाबालिनने गुंगी येते, म्हणून नवा डोस रात्रपाळीला किंवा स्कूटीवर निघताना सुरू करू नये. ट्रामाडॉलची सवय लागते. २०१८पासून ते एनडीपीएस (अमली पदार्थ) कायद्याखाली आहे. उपकेंद्राच्या कपाटातला औषधसाठा हाताशी असला तरी त्यातली गोळी स्वतःसाठी काढणं धोक्याचंच.

दुखण्यापायी कामात सवलत मिळेल का? अपंगत्वाचं प्रमाणपत्र असलेल्या सरकारी कर्मचाऱ्याला २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २० नुसार कामात वाजवी सोयी मागता येतात. नुसतं जुनाट दुखणं मात्र त्या कायद्याच्या २१ प्रकारांत नाही. म्हणून सिस्टर, आशाताई, रुग्णाला लावायला सांगता तशी स्वतःसाठीही ओपीडीत रांग लावा, केसपेपर काढा.