मल्टिमीटरला न दिसणारे पंचाहत्तर ओहम

खामगाव-मलकापूरकडच्या जिनिंग कारखान्यात मोठी मोटर सुरू झाली की जवळच्या रेडिओत खरखर होते. हाच गोंगाट यंत्रे नियंत्रित करणाऱ्या संगणकांच्या तारांतही शिरू पाहतो. म्हणून तिथे समाक्ष, म्हणजेच कोॲक्सियल केबल वापरीत आले आहेत: मधोमध तार, भोवती फेसाळ प्लॅस्टिक, त्यावर धातूचा वर्ख आणि जाळी.

'ही तर टीव्हीची केबल!' असे विद्यार्थी म्हणतील. फारसे चूक नाही. कंट्रोलनेट या नियंत्रण-जाळ्यात टीव्हीच्याच जातीची आरजी-6 केबल असते. मात्र दोन वर्ख व दोन जाळ्यांची.

तिच्यावरचे 75 ओहम मल्टिमीटरला सापडत नाहीत, कारण तो तारेचा रोध नव्हे. धावत्या स्पंदाची व्होल्टता व प्रवाह यांचे ते गुणोत्तर. ते लांबीवर नव्हे, आकारावर ठरते. तारेचा व्यास 1.02 मिमी, प्लॅस्टिकचा 4.57, भागाकार सुमारे 4.5, त्याचा लॉग 0.65. त्याला 138 ने गुणून प्लॅस्टिकच्या विद्युत-स्थिरांकाच्या (सुमारे 1.5) वर्गमुळाने भागा. उत्तर 75 च्या आसपास येते.

हा आकडा सांभाळायचा कशाला? कंट्रोलनेटवर सेकंदाला 50 लाख बिट धावतात. एका बिटाच्या वेळात स्पंद सुमारे 48 मीटर जातो. शंभर मीटर केबलचे टोक उघडे राहिले तर तिथून परतलेला प्रतिध्वनी चार बिट उशिरा येऊन नव्या संदेशात मिसळतो. म्हणून दोन्ही टोकांना 75 ओहमचा रोधक लावतात. तो स्पंद गिळून टाकतो. मध्येच 50 ओहमचा तुकडा जोडला तर 25 भागिले 125, म्हणजे पाचवा हिस्सा व्होल्टता माघारी फिरते. दुकानात दोन्ही केबली काळ्याच दिसतात, तेव्हा वेष्टनावरची अक्षरे वाचूनच घ्यावी.

जोडणीचेही तसेच. 50 आणि 75 ओहमचे बीएनसी जोड एकमेकांत खुशाल बसतात. टीव्हीच्या एफ-जोडात केबलची तारच पिन होते; हादरणाऱ्या यंत्राजवळ ते आम्हाला पटत नाही. बीएनसी पाव फेऱ्यात अडकून बसतो.

दोन फाट्यांना केबल 1000 मीटर चालते. पुढच्या प्रत्येक फाट्यामागे 16.3 मीटर कमी. बारा फाटे असतील तर 837. नव्या कारखान्यांत आता इथरनेट किंवा प्रकाशतंतू टाकतात. जुन्यांत ही केबल टिकून आहे.

वर्गात जुन्या टीव्ही केबलच्या दोन्ही टोकांना तार व जाळी यांमध्ये 75 ओहमचे रोधक जोडा. मल्टिमीटर 37.5 च्या जवळ दाखवील. एक काढला की 75, दोन्ही काढले की काहीच नाही.