चाकांमधील अंतर आणि वळणातील चपळता

चालत्या बसमध्ये उभा असलेला मनुष्य दोन पायांत अंतर ठेवतो. आधाराची रुंदी वाढली म्हणजे तोल सावरणे सोपे जाते. परंतु फळीवर उभे राहून बर्फावरून घसरणाऱ्या खेळाडूचे पाय फार दूर दूर बांधले, तर तो स्थिर राहिला तरी फळी झटपट वळविणे त्याला जड जाते. स्थैर्य आणि चपळता यांतील ही देवघेव चाकांच्या वाहनांतही आढळते.

चेन्नईजवळ श्रीपेरुंबुदूर परिसरात, इरुंगाट्टुकोट्टै येथे मोटारशर्यतींचा ३.७१७ किलोमीटर लांबीचा मार्ग आहे. मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा हा मार्ग १९९० साली खुला झाला. कार्ट नावाच्या ठेंगण्या शर्यतगाड्यांसाठीही तेथे मार्ग आहे. कार्टच्या मागील चाकांचे तुंबे आसावर बोल्टांनी आवळलेले असतात. बोल्ट सैल करून तुंबे आत किंवा बाहेर सरकविले की चाकांमधील अंतर बदलते.

वळण घेताना गाडीचा काही भार आतील चाकांवरून बाहेरील चाकांवर जातो. समजा, चालकासह कार्टचे वजन १६० किलो आहे, गुरुत्वमध्य जमिनीपासून २५ सेंटिमीटर उंच आहे आणि वळणातील आडवा जोर वजनाइतकाच आहे. चाकांमधील अंतर १२५ सेंटिमीटर असल्यास ३२ किलो भार बाहेर सरकेल. अंतर १२० सेंटिमीटर केल्यास तो ३३ किलोंहून थोडा अधिक होईल. म्हणजेच रुंदी घटली की भाराचे स्थलांतर वाढते.

तर मग अंतर शक्य तितके अधिक का ठेवू नये? याचे उत्तर कार्टच्या आसात आहे. वळणावर बाहेरील चाकाला अधिक अंतर कापावे लागते. साध्या मोटारीत दोन्ही चाके वेगवेगळ्या गतीने फिरू शकतात. कार्टची मागील चाके मात्र एकाच अखंड आसावर असल्याने सारख्याच गतीने फिरतात. आतील चाक जमिनीला घट्ट टेकलेले राहिले, तर ती दोन्ही मिळून गाडीला सरळ रेटतात. ते चाक क्षणभर उचलले गेले, तरच कार्ट मोकळेपणी वळते.

चेन्नई परिसरात ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये ईशान्य मोसमी पाऊस पडतो. ओल्या मार्गावर चाकांची पकड कमी, त्यामुळे आडवा जोर कमी आणि भाराचे स्थलांतरही कमी होते. आतील चाक उचलत नाही. म्हणून पावसात सामान्यतः मागील अंतर घटवितात व पुढील वाढवितात. कोरड्या मार्गावर मात्र मागील अंतर फार कमी ठेवल्यास कार्ट दोन चाकांवर झुकण्याचा धोका असतो.

यास्तव अंतर एका वेळी थोडेच बदलावे, दोन्ही बाजूंचे माप सारखे ठेवावे आणि बोल्ट पुन्हा घट्ट आवळल्याची खात्री करावी. योग्य रुंदी ही एकच ठरावीक संख्या नव्हे. मार्ग, हवा आणि चालकाचे वजन यांनुसार ती पालटते.