शहाण्याने पायरी चढू नये, पण मोजावी

‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण आपल्या मध्यमवर्गीय घरांत लोणच्यासारखी मुरलेली आहे. वर्गात म्हणी शिकवताना मी मुलांना हटकून विचारतो, ‘का बरे चढू नये?’ उत्तरे ठरलेली असतात. वेळ जातो, पैसा जातो, चपला झिजतात. पण वेळ नेमका कशापायी जातो, हे मात्र कुणालाच सांगता येत नाही. मुलांनाच काय, त्यांच्या वडिलांनाही नाही.

मी मराठीचा प्राध्यापक. कायदा हा माझा प्रांत नव्हे. माझी धाव शब्दांपर्यंत. पण शब्दही पुष्कळ सांगतात. फिर्याद, वकील, जामीन, कैद हे शब्द आपल्याकडे फारसी-अरबीतून आले आणि तुरुंग हा पोर्तुगीजांकडून आला असे मानतात. गंमत अशी की ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह ज्या किल्ल्यात आहे, तो किल्लाही पोर्तुगीजांनी १७३० साली बांधायला घेतलेला. १७३७ साली तो मराठ्यांनी जिंकला, १७७४ साली इंग्रजांनी. म्हणजे शब्दही त्यांचा आणि भिंतीही त्यांच्या! राज्ये बदलली, तुरुंग जागच्या जागी राहिला.

नवी मुंबईची गोष्ट याहून वेगळी. हे आखीव शहर. १९७० साली सिडको स्थापन झाली, मग कागदावर आधी रेघा आल्या आणि नंतर माणसे. सेक्टर, उद्याने, शाळा, बाजार, सारे नकाशात. महानगरपालिका १९९२ साली आली आणि स्वतंत्र पोलीस आयुक्तालय १९९४ साली. पण न्यायाचा नकाशा काही या रेघांबरहुकूम आखलेला नाही. पोलीस आयुक्त एक, पण त्यांचा मुलूख दोन जिल्ह्यांत विभागलेला. वाशी-नेरुळचा खटला वरच्या पायरीवर गेला की तो ठाणे जिल्ह्याचा होतो; पनवेल-उरणचा खटला रायगडचा, म्हणजे अलिबागकडे तोंड करून बसणारा. खारघरच्या बाजूला तळोजा कारागृह उभे आहे, त्यात मुंबई-ठाण्याचेही कैदी. त्यांच्या तारखा त्या त्या कोर्टात.

आता या साऱ्याचा खर्च कोण करतो? आपण महापालिकेला मालमत्ता कर भरतो आणि नळाला पाणी आले नाही तर नगरसेवकाला फोन करतो. पोलीस, कोर्ट आणि तुरुंग यांतले काहीच त्याच्या हाती नाही. राज्यघटनेने पोलीस आणि तुरुंग राज्याकडे सोपवले आहेत. अमेरिकेत ‘काउंटी’ नावाचा जिल्ह्यासारखा विभाग असतो. तेथे बहुतेक ठिकाणी स्थानिक मंडळच आपल्या अंदाजपत्रकातून शेरीफची कचेरी आणि तुरुंग चालवते. नोकर किती, जागा रिकाम्या किती, याचा वाद गावच्या सभेत होतो. ती व्यवस्था आदर्श आहे असे मी म्हणत नाही. पण तिथला करदाता निदान बोट कुणाकडे दाखवायचे ते जाणतो.

आपल्याकडे एका चुलीला अनेक हात लागतात. पोलीस आणि तुरुंग गृह खात्याचे, न्यायालयांचा पैसा विधि व न्याय खात्यातून, तुरुंगाचे डॉक्टर आरोग्य खात्याकडून यायचे, आणि गुन्हेगाराला सुधारण्याची संधी द्यावी म्हणून १९५८ च्या कायद्याने निर्माण झालेला परिविक्षा अधिकारी महिला व बालविकास खात्याचा. एका हाताने आच वाढवावी, तर दुसऱ्याकडे लाकूडच नसते.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशींनी मला हे सारे एका प्रश्नात शिकवले. त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा मोबाईलचोरीच्या आरोपात पकडला गेला. पहिलाच गुन्हा. काही दिवसांनी जामीन मंजूर झाला. त्यानंतर तीन आठवड्यांनी मावशी भांडी घासता घासता थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘सर, जज्जसाहेबांनी सोडलंय म्हणतात, मग पोरगं घरी का येत नाही?’’

प्रश्न साधा होता, उत्तर साधे नव्हते. पंधरा हजारांचा जामीनदार हवा होता. जामीनदाराकडे ऐपतीचा कागद हवा. मावशींच्या नातेवाइकांत घर कुणाच्या नावावर नाही, पगाराची पावती कुणाकडे नाही. शिवाय मुलगा कोर्टासमोर उभा राहून काही सांगेल म्हणावे, तर दोन तारखांना त्याला नेण्यासाठी पोलीसच मिळाले नाहीत, सारे बंदोबस्तावर. तुरुंग कोणता, कोर्ट कोणते, ते सांगण्याचे कारण नाही. हे सगळीकडेच घडते.

कायदा नाही म्हणावे, तर तसेही नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्येच सांगून ठेवले आहे की, जामीन मिळून सात दिवसांत कैदी सुटला नाही तर तुरुंगाधिकाऱ्याने जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाला कळवावे. गरीब कैद्याच्या जामिनासाठी सुरुवातीला ४० हजार रुपयांपर्यंत मदत देणारी केंद्राची योजनाही त्याच वर्षीची. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत, पूर्वी कधीही शिक्षा न झालेल्या कैद्याने संभाव्य शिक्षेच्या एकतृतीयांश काळ आत काढला की, गंभीर अपवाद वगळता, त्याला सोडावे अशी तरतूद आहे. त्यासाठी अर्ज करण्याचे काम तुरुंगाच्या अधीक्षकावर टाकले आहे. पण कळवायला माणूस हवा, हिशेब ठेवायला कारकून हवा, अर्ज घेऊन जायला कुणीतरी हवे. कायदा दिल्लीत लिहिला जातो. तो अमलात येतो तो एखाद्या टेबलामागच्या खुर्चीत कुणी बसलेले असेल तरच.

मावशींच्या मुलाला शेवटी एका समाजसेविकेने हुडकून काढले. तुरुंगात जाऊन कैद्यांच्या अडचणी लिहून घेणे हे तिचे काम. तिने विधी सेवेच्या वकिलाला सांगितले, वकिलाने अर्ज केला, आणि न्यायाधीशांनी वैयक्तिक जातमुचलक्यावर त्याला सोडले. जामीन मिळाल्यापासून त्रेचाळीस दिवस! तिची दोन दुपारांची धावपळ आणि एक अर्ज, एवढाच खर्च. ती आधी भेटली असती तर सरकारचे त्रेचाळीस दिवसांचे जेवण वाचले असते आणि त्या मुलाची गॅरेजमधली नोकरीही.

अशी माणसे किती असतील? २०२२ च्या सरकारी आकडेवारीप्रमाणे भारतातील तुरुंगांत दर शंभर कैद्यांपैकी सुमारे ७६ जण कच्चे कैदी होते, म्हणजे ज्यांचा निकाल लागायचा होता. निकाल लावणारे कमी. १९८७ साली विधी आयोगाने दहा लाख लोकांमागे ५० न्यायाधीश हवेत असे म्हटले. २००२ साली सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी पाच वर्षांची मुदत घातली. आज मंजूर जागा एकवीसच्या आसपास आणि प्रत्यक्ष न्यायाधीश पंधराच्या आसपास आहेत.

तळोज्याची अधिकृत क्षमता २,१२४. आदर्श कारागृह नियमावली दर ३०० कैद्यांमागे एक डॉक्टर सांगते. त्या मापाने तेथे सात डॉक्टर हवेत. ऑक्टोबर २०२० मध्ये अटक झालेले, कंपवाताने जर्जर झालेले वृद्ध पाद्री स्टॅन स्वामी याच तुरुंगात होते. मे २०२१ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशाने त्यांना रुग्णालयात हलवले, आणि ५ जुलै २०२१ रोजी, जामिनाचा अर्ज प्रलंबित असतानाच, ते वारले. त्यांच्यावरील आरोपांविषयी कुणाचे काहीही मत असो. आजारी माणसाला डॉक्टर हवा, यात मतभेद नसावा.

पोलिसांचेही तेच. २०१६ साली मुंबईच्या देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला, तो एका शिपायाच्याच सूचनेवरून. त्याआधी बारा तास हीच रीत. थकलेल्या माणसाकडून आपण तपासही मागतो, बंदोबस्तही आणि गोड बोलणेही! हौशी माणसांचा तुटवडा नाही. २०२४ साली राज्यातील सुमारे १७ हजार पोलीस पदांसाठी १७ लाखांवर अर्ज आले होते. न्यायव्यवस्थेची तुलना करणाऱ्या ‘इंडिया जस्टिस रिपोर्ट’मध्ये महाराष्ट्र २०१९ आणि २०२० च्या अहवालांत पहिला होता, २०२२ च्या अहवालात पहिला मान कर्नाटकाने घेतला आणि आपण बरेच खाली आलो.

मग आपण काय करावे? दोन गोष्टी तरी सहज जमतील. पहिली, घरी काम करणाऱ्या मावशींना आणि सोसायटीच्या वॉचमनला सांगून ठेवावे की, अटकेतल्या माणसाला, आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न न विचारता सरकारी खर्चाने वकील मिळतो. विधी सेवेचा क्रमांक १५१०० आहे. दुसरी, दिवाळीच्या शुभेच्छांचे फलक लावणाऱ्या आपल्या आमदारसाहेबांना एक पत्र टाकावे. आमच्या पोलीस ठाण्यात, कोर्टात आणि तुरुंगात मंजूर जागा किती, भरलेल्या किती, आणि कैद्यांना तारखेला नेण्यासाठी शिपाई किती, एवढेच विचारावे. हा प्रश्न विधानसभेत विचारता येतो आणि त्याचे उत्तर द्यावे लागते. खोपोलीचे पाणी आणि पनवेलचा रस्ता यांवर आपण जेवढी पत्रे लिहितो, त्यातले एक इकडे वळवले तरी पुरे.

मावशींचा मुलगा आता वाशीच्या बाजारात हमाली करतो. खटला चालूच आहे. पुढची तारीख दिवाळीनंतरची आहे.