ईमेलचे शिक्कामोर्तब

२०१५ साली ओएनजीसी या सरकारी तेल कंपनीच्या वतीने मुंबईच्या सायबर पोलिसांकडे एक तक्रार दाखल झाली. हजिरा येथून सौदी आरामकोला विकलेल्या नाफ्थ्याचे पैसे भलत्याच खात्यात गेले होते. रक्कम थोडीथोडकी नव्हे, १९७ कोटी रुपये. त्यासाठी कोणी बँक फोडली नव्हती. ओएनजीसीच्या अधिकाऱ्याच्या ईमेल पत्त्यासारखाच दुसरा पत्ता तयार झाला होता आणि त्यात फक्त दोन अक्षरांची अदलाबदल होती. 'ओ-एन-जी-सी'च्या जागी 'ओ-जी-एन-सी'. त्या पत्त्यावरून नवा खाते क्रमांक कळवला गेला आणि पैसे तिकडे रवाना झाले.

तीन वर्षांनी तेक्निमाँट या इटालियन कंपनीच्या मुंबईतील उपकंपनीला अशाच मार्गाने सुमारे १३० कोटींचा फटका बसला. तिथे वरिष्ठांच्या पत्त्याशी मिळताजुळता पत्ता तर होताच, शिवाय खात्री पटावी म्हणून बनावट कॉन्फरन्स कॉलही झाले.

एवढ्या मोठ्या कंपन्या हा धक्का पचवू शकतात. डोंबिवली एमआयडीसीत रंग-रसायने बनवून परदेशी पाठवणाऱ्या किंवा ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये यंत्रांचे सुटे भाग करणाऱ्या छोट्या उद्योजकाचे तसे नसते. एका कन्साइनमेंटचे पेमेंट चुकीच्या खात्यात गेले तर कामगारांचे पगार अडतात, बँकेचा हप्ता थकतो. म्हणूनच 'सुरक्षित ईमेल कोणती घ्यावी' हा प्रश्न आता कल्याणच्या पॅथॉलॉजी लॅबपासून नौपाड्यातल्या सीएच्या कार्यालयापर्यंत सगळीकडे विचारला जातो. उत्तर म्हणून बहुतेकदा एखाद्या कंपनीचे नाव सांगितले जाते. खरे तर नावापेक्षा आधी हे पाहायला हवे, की आपल्याला भीती नेमकी कशाची आहे.

ईमेल आजही ज्या नियमांवर धावते ते मुळात १९८२ सालचे आहेत. त्या काळी संगणकांचे जाळे विद्यापीठे आणि संशोधन संस्थांपुरते होते, एकमेकांवर विश्वास होता. त्यामुळे पाकिटाच्या मागे जसे कोणाचेही नाव लिहिता येते, तसे ईमेलमध्ये 'प्रेषक' म्हणून कोणाचाही पत्ता घालता येत असे. ही फट बुजवण्यासाठी पुढे तीन उपाय जोडले गेले. पहिला एसपीएफ: आमच्या नावाने पत्र पाठवण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे, याची जाहीर यादी. दुसरा डीकेआयएम. तो समजायला मराठी माणसाला फार कष्ट नकोत. मराठेशाहीतल्या पत्रांवर वर शिक्का आणि मजकूर संपताच मोर्तब उमटवत, म्हणजे नंतर कोणी एक ओळही घुसडू शकत नसे. 'शिक्कामोर्तब' हा शब्द त्यातूनच आला. डीकेआयएम हे तेच काम गणिताने करते. वाटेत एक आकडा जरी बदलला तरी मोहर जुळत नाही. तिसरा डीमार्क: मोहर किंवा यादी जुळली नाही तर पत्राचे काय करायचे, याची सूचना. गोची इथेच होते. अनेक ठिकाणी ही सूचना 'फक्त नोंद घ्या, पत्र जाऊ द्या' अशीच ठेवलेली असते. म्हणजे पहारेकरी आहे, पण कोणाला अडवायचे नाही असा हुकूम आहे. ती 'नाकारा' अशी करून घेणे हे आयटीवाल्याचे काम, पण विचारणे मालकाचे.

हे तिन्ही उपाय डोमेन ज्याच्या मालकीचे त्यानेच करायचे असतात. जीमेलच्या फुकट पत्त्यावरून धंदा करणाऱ्याला त्यावर काही ताबा नाही. त्याच्या दुकानाच्या नावापुढे एखादा आकडा घालून दुसरा पत्ता काढायला कोणालाही दोन मिनिटे पुरतात. म्हणून पहिला निर्णय कंपनी निवडण्याचा नसून स्वतःचे डोमेन घेण्याचा आहे. ते स्वतःच्या नावावर घ्यावे हेही सांगायला हवे. वेबसाइट करून देणाऱ्या ओळखीच्या मुलाच्या नावावर डोमेन आणि तो मुलगा आता बंगळुरूला, हे चित्र फार दुर्मीळ नाही.

आता कंपन्यांकडे. गुगल, मायक्रोसॉफ्ट आणि चेन्नईची झोहो या तिन्हींच्या व्यावसायिक सेवांत वर सांगितलेली सगळी सोय आहे. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांची ईमेल खाती झोहोच्या यंत्रणेवर गेल्यानंतर तिच्याबद्दलची चौकशी वाढली आहे. या सेवांत पत्र वाटेत कुलूपबंद असते, पण किल्ली सर्वसाधारणपणे कंपनीकडेही असते. ते मान्य नसेल तर स्वित्झर्लंडची प्रोटॉन किंवा जर्मनीची टूटा आहे. तिथे पत्र पाठवणाऱ्याच्याच उपकरणावर कुलूपबंद होते आणि सेवा देणाऱ्या कंपनीलाही मजकूर वाचता येत नाही. मात्र समोरचा साध्या जीमेलवर असेल तर वेगळा पासवर्ड लावल्याशिवाय हा फायदा मिळत नाही. प्रोटॉनमध्ये विषयाची ओळ या कुलपात येत नाही; रुग्णाचे नाव आणि आजार विषयातच लिहिणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. शिवाय एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रोटॉन मेल भारतात बंद करण्यासाठी कार्यवाही करण्याचा आदेश केंद्राला दिला होता. ज्याची रोजची ऑर्डर ईमेलवर येते त्याने याचाही विचार करावा. पेटंट, कोर्टकज्जा किंवा अत्यंत खासगी वैद्यकीय पत्रव्यवहार असेल तर ही सेवा जरूर घ्यावी. बाकीच्यांना तिची गरज वाटते त्यापेक्षा कमी असते.

कारण ओएनजीसीच्या प्रकरणात कितीही भक्कम कुलूप असते तरी उपयोग झाला नसता. 'ओजीएनसी' हे डोमेन ज्याने घेतले, तो त्यावर स्वतःची अस्सल मोहरही उमटवू शकतो. असे भामटे बहुधा आधी दोघांपैकी एकाच्या इनबॉक्समध्ये शिरतात. बनावट लॉगिन पानावर पासवर्ड मिळवायचा, 'इनव्हॉइस' शब्द असलेली पत्रे आपोआप स्वतःकडे यावीत असा नियम लावायचा आणि आठवडेच्या आठवडे वाचत बसायचे. बिल निघाले की नवा खाते क्रमांक. त्यामुळे आजच सेटिंगमध्ये जाऊन 'फॉरवर्डिंग' आणि 'फिल्टर' या दोन जागा पाहाव्यात. आपण न लावलेला नियम तिथे दिसला तर पासवर्ड बदलून सगळीकडून लॉगआउट करावे. नोकरी सोडून गेलेल्या अकाउंटंटच्या मोबाइलवर कंपनीचा इनबॉक्स अजून उघडतो का, हेही तपासावे.

पासवर्डच्या जोडीला ओटीपी असतो, पण बनावट पान ओटीपीही मागून घेऊ शकते. पासकी त्याहून सरस. ती फोन किंवा संगणकात राहते आणि ज्या डोमेनसाठी बनली त्याच डोमेनवर चालते. घाईत असलेला माणूस 'एनजी' आणि 'जीएन' यांत फसतो, पासकी फसत नाही. ईमेल निवडताना ही सोय आहे का, हे आधी विचारावे.

लॅब आणि दवाखान्यांचा प्रश्न थोडा निराळा. तिथे पैशापेक्षा रुग्णाची गुप्तता पणाला लागते. रिपोर्टच्या पीडीएफला पासवर्ड म्हणून नावाची पहिली चार अक्षरे आणि जन्मसाल, आणि ही युक्ती त्याच ईमेलमध्ये लिहिलेली, याला कुलूप म्हणणे कठीण आहे. रिपोर्ट चुकून दुसऱ्याच माणसाला गेला तर तोही तो उघडू शकतो. रुग्णाच्या मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीनेच उघडणारी लिंक बरी. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा लहान दवाखान्यालाही लागू आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे.

खाते क्रमांक बदलल्याचे ईमेल आले तर पैसे पाठवण्यापूर्वी फोन करावा; पण तो त्या ईमेलमध्ये दिलेल्या नंबरवर नव्हे, आपल्या जुन्या वहीतल्या नंबरवर. तेक्निमाँटला आलेले कॉलही भामट्यांचेच होते. पैसे गेलेच तर १९३० या हेल्पलाइनवर आणि आपल्या बँकेला त्याच तासात कळवावे, परदेशी व्यवहार असेल तर बँकेकडे रक्कम परत मागवण्याची विनंती लेखी द्यावी. संशयित ईमेल मात्र रागाच्या भरात डिलीट करू नये. पत्र कुठून निघाले आणि त्यावर कोणाची मोहर होती, हे तपास अधिकाऱ्याला त्यातूनच कळते.