कळलावी : डोळे भरून पाहा, पण तोंडात नको

श्रावण लागला की सह्याद्रीच्या उतारांवर आणि कोकणातल्या कुंपणांवर कळलावी फुलते. सहा पाकळ्या, कडा लहरी, बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल, मागे वळून ज्वाळांसारख्या उभ्या राहिलेल्या. म्हणून ती अग्निशिखा. 'गौरीचे हात' हेही तिचंच नाव. फूल नसेल तर पान पाहा. पानाचं टोक लांबत जाऊन स्प्रिंगसारखं वळतं आणि शेजारच्या झुडपाला धरतं. ही खूण लक्षात ठेवा.

खरी अडचण कंदाची. वेल सुकल्यावर जमिनीत नांगरासारखा वाकडा कंद उरतो. संस्कृतातलं 'लांगली' हे नाव त्यावरूनच आलं. वेलापासून सुटलेला हा कंद रताळं किंवा रानातलं कंदमूळ समजून खाल्ला जाऊ शकतो. मोबाइलमधलं अ‍ॅप फूल ओळखेलही, पण सुट्या कंदाबाबत त्याच्यावर भिस्त नको.

या झाडात कोलचिसिन असतं. गाउटच्या रुग्णाला आम्ही तेच अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीतून देतो, तेही जपून. ते पेशींचं विभाजन थांबवतं. त्यामुळे जिथे पेशी भराभर वाढतात, त्या आतड्याला आणि अस्थिमज्जेला पहिला तडाखा बसतो. कंद उकडला तरी विष जात नाही. काही तासांनी उलट्या-जुलाब सुरू होतात आणि घरचे म्हणतात, 'अन्न बाधलं, उतरेल.' पण पुढच्या दोन-चार दिवसांत रक्तदाब कोसळू शकतो, मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात, पांढऱ्या पेशी घटतात. वाचलेल्यांचे केस दोन-तीन आठवड्यांनी गळतात. यावर सहज मिळणारा उतारा नाही. म्हणून पहिले तास मोलाचे.

बाळंतपणात कळा याव्यात म्हणून हा कंद वापरत. नाव त्यातूनच पडलं. आज तो प्रयोग कुणीही करू नये. आई आणि बाळ दोघांच्या जिवाशी खेळ होतो.

रानभाज्या जरूर खा. मात्र जाणत्या माणसाने पान, फूल, वेल पाहून ओळखलेल्याच. शंका असलेलं काही पोटात गेलंच, तर त्रास सुरू होण्याची वाट पाहू नका. मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. रुग्णालयात येताना उरलेला कंद, साल, पान, जे असेल ते पिशवीत घालून आणा आणि किती वाजता खाल्लं ते सांगा. 'कसलंतरी कंदमूळ' एवढ्यावर डॉक्टरला अंदाज बांधावा लागतो. पिशवीतला तुकडा उपचाराला दिशा देतो.